निंदणी केव्हा करावी? : नागली आणि भातातील तणांचा बंदोबस्त

(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)

जव्हार-मोखाड्याच्या शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो,

आज आपण तणाविषयी थोडं बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, तणाविषयी आम्हाला काय सांगता? आमची तर सारी जिंदगी खुरप्यावर गेली. खरं आहे. तण कसं उपटावं हे मी तुम्हाला शिकवणार नाही. मी बोलणार आहे ते दिवसांविषयी. आवणी झाल्यापासून कितव्या दिवशी शेतात निंदायला उतरायचं, एवढाच आजचा मुद्दा. हा मुद्दा मला एका मावशीने शिकवला, तो प्रसंग आधी सांगतो.

नोकरीला लागून मला पहिलंच वर्ष होतं. श्रावण चालू होता. उताराच्या एका वरकस जमिनीत नागली लावलेली होती, पण नागली कुठे आणि तण कुठे हे ओळखू येत नव्हतं. कुर्डू कमरेला लागला होता. मी बांधावर उभा राहून त्या घरच्या काकांना चार शब्द सुनावले. "एवढं तण वाढू दिलंत, आता दाणा कसा मिळणार?" काका गप्प राहिले. मागून मावशी आल्या, हातात खुरपं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, तण आम्हाला दिसत नाही का? घरातले दाणे सरले होते. म्हणून पंधरा दिवस वाड्याकडे दुसऱ्याच्या आवणीला गेलो. काल परत आलो. तुम्ही शिकलेले आहात, मग एवढंच सांगा. निंदणीला चारच दिवस हातात असतील, तर ते कोणते धरायचे?"

खरं सांगतो, मला चटकन उत्तर देता आलं नाही. "दोन निंदण्या द्याव्यात" एवढं मला पाठ होतं. पण दोन निंदण्या द्यायला घरात माणूस नसेल तर काय, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता.

घरी आल्यावर मी विचार करू लागलो, तेव्हा मला दापोलीचे दिवस आठवले. १९७२ साली स्थापन झालेलं दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, म्हणजे आजचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ. तिथे मी बी.एस्सी.ला होतो. आमच्यापेक्षा मोठे, पदव्युत्तर शिकणारे विद्यार्थी तणांवर प्रयोग करत. त्यांना मदत म्हणून आम्ही धाकटे विद्यार्थी पावसात तणं मोजायला जात असू. तेव्हा त्या कामाचा कंटाळा यायचा. पण मावशींच्या प्रश्नाचं उत्तर त्याच वाफ्यांत होतं.

हे प्रयोग कसे करतात ते सांगतो, कारण पुढे तुम्हालाही असाच एक छोटा प्रयोग करायला सांगणार आहे. एकाच शेतात सारख्या मापाचे बरेच वाफे पाडतात. एकच वाण, एकाच दिवशी लावणी, खतही सारखं. फरक फक्त निंदणीत. एका वाफ्यात शेवटपर्यंत तणाची काडी राहू देत नाहीत. एका वाफ्यातलं तण मुळीच काढत नाहीत. बाकीच्या वाफ्यांत कुणाला विसाव्या दिवशी निंदणी, कुणाला चाळिसाव्या, कुणाला दोन्ही वेळा. जमीन एका कोपऱ्यात कसदार आणि दुसऱ्या कोपऱ्यात हलकी असू शकते, म्हणून प्रत्येक तऱ्हेचा वाफा तीन-चार ठिकाणी पुन्हा घालतात. मग लाकडी चौकट टाकून तिच्या आत किती तणं आहेत ती मोजायची, उपटायची, भट्टीत सुकवायची आणि त्यांचं वजन करायचं. शेवटी प्रत्येक वाफ्याचा दाणा वेगळा झोडून वेगळा तोलायचा.

असे प्रयोग एकट्या दापोलीला होत नाहीत. तणांच्या अभ्यासासाठी १९८९ साली जबलपूर येथे राष्ट्रीय संशोधन केंद्रच सुरू झालं. ठिकठिकाणच्या प्रयोगांचा निष्कर्ष एकाच दिशेचा आहे. लावणीनंतरचे पहिले चार ते सहा आठवडे पिकाला तणाचा जाच सर्वांत जास्त होतो. या काळात शेत स्वच्छ राहिलं, तर पुढे उगवलेलं तण फारसं नुकसान करत नाही. आणि या काळात शेत तणात राहिलं, तर पुढे कितीही निंदा, गेलेलं परत येत नाही.

असं का होतं? नागलीला आणि भाताला फुटवे येतात ते याच आठवड्यांत. जितके फुटवे, तितकी कणसं. नेमक्या त्याच वेळी तणाने ऊन अडवलं, मुळाजवळचं खत खाल्लं, तर रोपाला फुटवेच कमी येतात. मग पन्नासाव्या दिवशी तुम्ही तण काढलं, शेत मोकळं झालं, दिसायला छान दिसलं, पण रोपाला नवे फुटवे फोडायची वेळ निघून गेलेली असते. उलट, पहिल्या महिन्यात रोप जोमात आलं की त्याचीच पानं जमीन झाकतात. खाली सावली पडते आणि उशिरा उगवलेलं तण त्या सावलीत खुरटतं. म्हणजे पुढची निंदणी पीकच करतं.

तेव्हा मावशींच्या प्रश्नाचं उत्तर असं. चारच दिवस हातात असतील, तर आवणीनंतरचा तिसरा आठवडा संपतानाचे चार दिवस धरा, म्हणजे विसाव्या ते पंचविसाव्या दिवसांमधले. आणखी चार दिवस मिळाले, तर ते चाळिसाव्या दिवसाच्या आसपास द्या. पन्नासाव्या दिवशीच्या आठ दिवसांपेक्षा एकविसाव्या दिवशीचे चार दिवस जास्त दाणा देतात.

पुढच्या वर्षी मावशींनी आणि मी मिळून त्याच शेतात तीन तुकडे आखले. एकाला दोन्ही निंदण्या वेळेवर दिल्या. दुसऱ्याला एकच, पण बरोबर एकविसाव्या दिवशी. तिसरा पन्नासाव्या दिवशी निंदला. दिवस चुकू नयेत म्हणून मावशी घराच्या कुडावर रोज कोळशाची एक रेघ ओढत होत्या. कापणी झाल्यावर तिन्हींचा दाणा वेगवेगळ्या सुपात घेतला. दोन निंदण्यांचं सूप सर्वांत भरलेलं होतं. एका वेळेवरच्या निंदणीचं त्याच्यापेक्षा थोडंच कमी होतं. उशिराच्या सुपाकडे पाहून काका म्हणाले, "यात तर जास्त मेहनत गेली होती." आणि ते खरंच होतं. मोठं झालेलं तण उपटायला दुप्पट वेळ लागला होता आणि त्याबरोबर नागलीची मुळंही हलली होती.

बंधूंनो, मजुरीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आषाढात घरातलं धान्य सरलं की माणूस जाणारच. पण जाण्याआधी आपल्या शेताच्या रेघा मोजा. आवणी पाच तारखेला झाली असेल, तर पंचवीस ते तीस तारखेला घरातलं निदान एक माणूस गावात असायला हवं. सगळ्या शेताला हात पुरत नसतील, तर सगळं शेत अर्धवट निंदू नका. अर्धं शेत वेळेवर स्वच्छ करा आणि उरलेलं त्याच्यानंतर घ्या. आपल्या पाड्यांवर एकमेकांच्या शेतात मदतीला जाण्याची रीत आहेच. तीच रीत निंदणीला लावा. ज्याची आवणी आधी, त्याची निंदणी आधी, असा क्रम ठरवून टाका.

आता निंदणीचं कामच कमी कसं करता येईल, ते पाहू.

पहिली गोष्ट, राब. आपण टहाळ, पातेरा आणि शेण पसरून दाढ भाजतो. यामागे पूर्वजांचं शहाणपण आहे. वरच्या थरातलं तणाचं बी उष्णतेने मरतं, माती भुसभुशीत होते आणि राख मिळते. १९१२ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला होता. म्हणजे शंभरावर वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांनी आपल्या राबाची दखल घेतली. मात्र राबासाठी झाडं छाटावी लागतात, डोक्यावरून भारे आणावे लागतात आणि जो पालापाचोळा कुजून खत झाला असता तो जळून जातो. म्हणून दाढ गरजेपुरतीच करा. भाताच्या एका एकराला चार गुंठ्यांची रोपवाटिका पुरते. बी दाट फेकू नका. गादीवाफे करा. जमेल तिथे जागा नांगरून ठेवा, पहिल्या पावसावर उगवलेलं तण पुन्हा नांगरून मोडा आणि मगच बी टाका. तणाचं एक पीक असं फुकटात जातं.

दुसरी गोष्ट, बियाणं. पुष्कळदा तण आपणच पेरतो. भाताचं बी पेरण्याआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवा. पोचट दाणे आणि तणाचं हलकं बी वर तरंगतं, ते काढून टाका. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा. नागलीचं बियाणं मात्र शेतातच निवडा. कापणीआधी स्वच्छ जागेतली, भरदार कणसं वेगळी काढून ठेवा. तणाच्या जागेतलं बी पुढल्या वर्षासाठी ठेवू नका.

तिसरी गोष्ट, ओळ. नागली ओळीत लावा. दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि दोन रोपांत १५ सेंटिमीटर अंतर ठेवा. नागलीचीच एक रानटी बहीण शेतात उगवते. लहानपणी ती इतकी सारखी दिसते की जाणता माणूसही फसतो. ओळ असली की ओळखणं सोपं होतं, ओळीबाहेर उगवलं ते तण. भातात पाखडाचंही तसंच आहे. तिथे एक खूण लक्षात ठेवा. पान जिथे दांड्याला चिकटतं तिथे भाताला पातळ, पांढरट जिभली असते, पाखडाला ती नसते. देवभात मात्र भाताचाच भाईबंद, त्यालाही जिभली असते. त्याच्या लोंबीला लांब कूस येते आणि दाणा पिकला की कापणीआधीच गळून शेतात पडतो. म्हणून तो लोंबी येताच उपटून बाहेर काढा.

भात खाचरात चारसूत्री पद्धतीने लावला तर निंदणीला मोठी सोय होते. डॉ. एन. के. सावंत यांनी प्रसार केलेल्या या पद्धतीत चार चुडांचा चौकोन १५ सेंटिमीटर अंतराने लावतात आणि मध्ये २५ सेंटिमीटरची वाट सोडतात. त्या वाटेने चालता येतं, पीक तुडवलं जात नाही. युरिया-डीएपीची गोळी चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात. फेकलेलं खत भाताबरोबर तणालाही मिळतं, खोचलेलं खत मात्र भाताच्या मुळाशी राहतं.

चौथी गोष्ट, फेरपालट आणि जोडपीक. वरकसावर पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि त्यानंतर जमीन पड टाकायची, हा आपला जुना क्रम. दरवर्षी तण वाढत जातं आणि कस कमी होतो, हे ओळखूनच तो बसवलेला आहे. आता जमिनी वाटल्या गेल्या, पड टाकायला जागा उरली नाही. म्हणून निदान नागलीमागून नागली घेऊ नका. आणि नागलीच्या काही ओळींनंतर उडीद किंवा तुरीची ओळ घाला. उडीद लवकर पसरतो, मोकळी जागा झाकतो आणि घरात डाळ येते.

निंदलेलं तण उतारावर मोकळं फेकू नका. फुलावर येण्याआधीचं तण उताराला आडवं, ओळीने रचून ठेवा. आपल्याकडच्या धो धो पावसात वाहून जाणारी माती त्याला अडते. केना आणि हरळी मात्र शेतात ठेवू नका. त्यांच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं आणि आठ दिवसांत ती पुन्हा उभी राहतात.

आता तणनाशकाविषयी. दुकानात बाटली मिळते, दोन तासांत फवारणी होते, मग चार दिवस कोण राबणार, असा विचार मनात येणारच. भाताच्या बांधबंदिस्ती केलेल्या खाचरात, मजूर मुळीच मिळत नसेल तर, शिफारस केलेलं तणनाशक वापरता येतं. उदाहरणार्थ, बिसपायरीबॅक सोडियम १० टक्के हे औषध एकरी १०० मिलिलिटर, लावणीनंतर साधारण पंधरा ते वीस दिवसांनी, तण दोन ते चार पानांवर असताना, खाचरातलं पाणी काढून फवारतात आणि दोन दिवसांनी पुन्हा पाणी भरतात. फवारणीनंतर काही तास तरी पाऊस नको. हे भाताचं औषध आहे, ते नागलीवर मारू नका. नागलीच्या उतारावर तणनाशक नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. उतारावरचं पाणी ओहोळात जातं आणि ओहोळाकाठच्या झऱ्यावर आपण हंडे भरतो.

सरसकट सगळं जाळणाऱ्या औषधांपासून तर दूर राहा. ग्लायफोसेटच्या वापरावर केंद्र सरकारने २०२२ साली निर्बंध घातले. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याच्यावर उतारा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकं फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका. औषध कोणतंही असो, तोंडावर फडकं आणि हातात मोजे हवेत, वाऱ्याच्या उलट दिशेला फवारणी नको आणि रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल तर कधीच भरू नका.

आणखी एक गोष्ट. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं की तण त्याला दाद देईनासं होतं. हरियाणा-पंजाबात गव्हातल्या गुल्लीदंडा नावाच्या तणावर आयसोप्रोट्युरॉन हे औषध चालत असे. १९९०च्या दशकात ते चालेनासं झालं आणि शेतकरी हवालदिल झाले. खुरप्याला मात्र कुठलंही तण सरावत नाही.

भगिनींनो, शेवटचा मुद्दा तुमचा आहे. आपण ज्याला तण म्हणतो, त्यातलं पुष्कळसं तुम्ही घरी नेता. कोवळा कुर्डू, केना, टाकळा, माठ यांची भाजी पावसाळ्यात आपल्या ताटात असते, आणि तेही नेमकं धान्य सरलेलं असतं तेव्हा. तणनाशक मारलं की ही भाजी गेली, किंवा त्याहून वाईट, औषध लागलेली भाजी पोटात गेली. म्हणून फवारलेल्या खाचरातली आणि त्याच्या बांधावरची भाजी खुडू नका, लेकरांनाही सांगून ठेवा. उलट वेळेवर निंदणी केली तर कुर्डू कोवळा असतानाच निघतो आणि एकाच कष्टात शेत स्वच्छ होऊन भाजीही घरी येते. तोच कुर्डू कमरेइतका वाढू दिला, तर भाजीच्या कामाचा राहत नाही आणि त्याचं काळं बारीक बी हजारोंनी शेतात पडतं. पुढच्या वर्षीची निंदणी तिथेच वाढते.

बंधू-भगिनींनो, माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही. तुमच्या शेतात स्वतः पाहा. एकाच शेतात, सारख्या जमिनीवर, तीन पावलं लांब आणि तीन पावलं रुंद असे तीन तुकडे चार-चार काटक्या खोचून आखा. पहिला एकविसाव्या आणि चाळिसाव्या दिवशी निंदा, दुसरा फक्त एकविसाव्या दिवशी आणि तिसरा पन्नासाव्या दिवशी. बाकी सगळं सारखं ठेवा. कापणीला तिन्हींचा दाणा वेगळा झोडा आणि एकाच मापाने मोजा. शेजारच्या दोघांनाही करायला सांगा, म्हणजे जमिनीचा फरक असला तरी तो कळेल. तुकडे लहान आहेत, त्यामुळे नुकसान झालं तरी सूपभर दाण्याचं. पण त्यातून मिळालेली माहिती तुमची स्वतःची असेल. काय मापं आली ते गावात आलेल्या कृषी खात्याच्या माणसांना जरूर सांगा.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी :

१) आवणीच्या दिवसापासून दिवस मोजा. कुडावर रेघ ओढा किंवा दोरीला गाठ मारा.

२) पहिली निंदणी २० ते २५ दिवसांनी, दुसरी ४० दिवसांच्या सुमारास. एकच शक्य असेल तर पहिली चुकवू नका.

३) दाढ लहान ठेवा. भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यातून काढा.

४) लावणी ओळीत करा. नागलीमागून नागली घेऊ नका, उडीद किंवा तुरीची जोड द्या.

५) तण फुलावर येण्याआधी काढा. केना, हरळी आणि देवभात शेताबाहेर न्या.

६) नागलीच्या उतारावर तणनाशक नको. भातात वापरलंच तर शिफारशीप्रमाणे, जपून, आणि त्या जागेची भाजी खाऊ नका.

त्या मावशींच्या कुडावर आता दरवर्षी रेघा असतात. मजुरीला त्या आजही जातात. पण एकविसावी रेघ ओढायच्या आत घरी परततात. यंदा तुमच्याही घरच्या कुडावर पहिली रेघ आवणीच्याच दिवशी पडू द्या.

नमस्कार.